चेन-सॉची सांखळी : तिची निवड आणि तिची धार

आजच्या भाषणाचा विषय थोडा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. झाडें तोडणें हा कांहीं सर्वांचा व्यवसाय नव्हे. आणि ज्यांचा तो व्यवसाय आहे त्यांना कानस कशी धरावी हें एका निवृत्त मास्तरानें सांगावें, हेंहि कित्येकांना विचित्र वाटेल. परंतु ज्या यंत्रानें आज गांवोगांव झाडें तोडलीं व छाटलीं जातात, त्या यंत्राच्या एका भागाकडे आपलें जें दुर्लक्ष होतें, त्यापायीं माणसाचा हात, मांडी किंवा मान धोक्यांत येते. म्हणून हा विषय मला बोलण्याजोगा वाटला.

हें यंत्र म्हणजे चेन-सॉ. कोणी त्याला सांखळी-करवत म्हणतात, कोणी नुसतें कटर म्हणतात. एक लहानसें एंजिन, त्याच्या पुढें निघालेली एक लांबट पोलादी पट्टी, आणि त्या पट्टीच्या कडेच्या खोबणींतून फिरणारी दांत्यांची सांखळी, अशी त्याची रचना असते. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन धडकलें आणि श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड या बाजूच्या नारळी-पोफळीच्या व आंब्याच्या कितीतरी बागा भुईसपाट झाल्या. रस्ते मोकळे करण्यास कोयता व कुऱ्हाड पुरी पडेना. पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत ‘तौक्ते’ वादळ त्याच किनाऱ्याजवळून गेलें. त्या दोन वर्षांत आमच्या बाजूच्या कित्येक तरुणांनीं हें यंत्र घेतलें आणि तेंच पुढें त्यांच्या पोटापाण्याचें साधन झालें. यंत्राबरोबर येणारी पुस्तिका इंग्रजींत असे. ती वाचून समजावून सांगण्याचें काम माझ्याकडे आलें, आणि शिकवितां शिकवितां मीहि कानस हातीं धरावयास शिकलों.

या तरुणांची एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. एंजिनाची ते डोळ्यांत तेल घालून काळजी घेत. पेट्रोल कोणतें घालावें, त्यांत तेल किती मिसळावें, आवाज बदलला तर काय बिघडलें, याची चर्चा तासन् तास चाले. सांखळीविषयीं मात्र कोणी चकार शब्द काढीत नसे. ती तुटली म्हणजे दुसरी आणावयाची, आणि कापेनाशी झाली म्हणजे यंत्र अधिक जोरानें दाबावयाचें, एवढेंच त्यांचें शास्त्र होतें. आतां खरें पाहतां एंजिन लांकूड कापीत नाहीं. तें केवळ सांखळी फिरवितें. लांकूड कापतात ते सांखळीचे दांते, आणि आजच्या भाषणांत मला जें सांगावयाचें आहे तें सारें या एका वाक्यांतून निघतें.

सांखळीनें लांकूड कापण्याची कल्पना नवी नाहीं. जर्मनींत आंद्रेआस स्टील यांनीं १९२६ सालीं विजेवर चालणारी सांखळी-करवत तयार केली. तिचें वजन ४८ किलो होतें आणि ती चालविण्यास दोन माणसें लागत. त्या काळच्या सांखळ्यांचे दांते साध्या करवतीसारखे असत. ते लांकडावर ओरखडे काढीत, लवकर बोथट होत, आणि त्यांना धार लावणें हें मोठें जिकिरीचें काम असे. १९४६ सालीं अमेरिकेंतील ऑरेगन संस्थानांत जोसेफ कॉक्स नांवाचा एक लांकूडतोड्या काम करीत असतां त्याचें लक्ष लांकूड पोखरणाऱ्या एका भुंग्याच्या अळीकडे गेलें. बोटाएवढी ती अळी आपले वांकडे जबडे डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे चालवून, लांकडाचे धागे उभे असोत वा आडवे असोत, सारख्याच सहजतेनें वाट काढीत होती. कॉक्सनें त्या जबड्यांचा आकार पोलादांत उतरविला आणि १९४७ सालीं त्याची सांखळी विक्रीस आली. आजच्या बहुतेक सर्व सांखळ्या त्याच कल्पनेच्या वंशांतल्या आहेत. एका सामान्य लांकूडतोड्यानें डोळे उघडे ठेवल्यामुळें जगांतील जंगलकामाची रीत बदलली, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे.

सांखळी हातांत घेऊन पाहिली तर तिच्यांत तीन प्रकारच्या कड्या दिसतात. पहिली, खालीं शेंडीसारखी लोंबणारी कडी. हिला बाजारांत ड्राइव्ह लिंक म्हणतात. एंजिनाचें दांतेरी चाक हिलाच पकडून सांखळी ओढतें, आणि पट्टीच्या खोबणींतून हीच सरकते. दुसरी, नुसती जोडणारी चपटी कडी. तिसरी, कापणारी कडी. या तिसऱ्या कडीवर दोन अवयव असतात, आणि तेच आपल्या विषयाचे नायक होत. मागच्या बाजूस वर वळलेला, धारेचा दांता. आणि त्याच्यापुढें थोडें अंतर सोडून उभा असलेला, बिनधारेचा एक खुंट. दांते आळीपाळीनें एक डावा व एक उजवा असे बसविलेले असतात.

या बिनधारेच्या खुंटाचें प्रयोजन काय, असा प्रश्न सहजच मनांत येतो. ज्यानें सुताराचा रंधा पाहिला आहे, त्याला याचें उत्तर चटकन् कळेल. रंध्याचें पातें तळाच्या लांकडापेक्षां अगदीं किंचित् बाहेर काढलेलें असतें. तें मुळींच बाहेर नसेल तर रंधा फळीवरून नुसता घसरतो. फार बाहेर असेल तर तो फळींत रुततो व झटका देतो. चेन-सॉच्या कडींत दांता हें रंध्याचें पातें होय आणि खुंट हा रंध्याचा तळ होय. दांत्यानें एका वेळीं किती जाड ढलपी काढावी, हें खुंट ठरवितो. दांत्याच्या माथ्यापेक्षां खुंट किती खालीं असावा याचें माप ठरलेलें असतें. नेहमींच्या सांखळ्यांत तें सुमारें ०.६५ मिलिमीटर, आणि कांहीं मोठ्या सांखळ्यांत ०.७५ ते ०.८० मिलिमीटर असतें.

आतां निवडीकडे वळूं. दुकानांत जाऊन ‘सोळा इंची चेन द्या’ एवढेंच सांगणें पुरेसें नाहीं. एकाच लांबीच्या पट्टीला दोन कंपन्यांच्या सांखळ्या निरनिराळ्या लागूं शकतात. सांखळी घेतांना तीन आंकडे माहीत असावे लागतात. पहिला आंकडा पिचचा. सांखळीवरील लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील, म्हणजे पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचें अंतर मोजून त्याचें निम्में केलें कीं पिच मिळतें. पाव इंच, ०.३२५ इंच, ३/८ इंच आणि ०.४०४ इंच हीं नेहमींचीं मापें. दुसरा आंकडा गेजचा, म्हणजे खोबणींत बसणाऱ्या शेंडीच्या जाडीचा, तो १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर असतो. तिसरा आंकडा अशा शेंड्यांची एकूण संख्या. हे तीनहि आंकडे बहुधा पट्टीच्या एंजिनाकडील टोंकाजवळ कोरलेले असतात. पट्टीवर ते पुसट झाले असतील तर जुनी सांखळी बरोबर न्यावी आणि दुकानदारासमोर शेंड्या मोजाव्या.

या आंकड्यांत तडजोड चालत नाहीं. पिच न जुळेल तर चाकाचे दांते व शेंड्या एकमेकांना खातात. शेंडी खोबणीपेक्षां जाड असेल तर ती बसणारच नाहीं. पातळ असेल तर सांखळी खोबणींत लटपटते, कलते आणि काप वांकडा जातो. येथें एक खांच-खळगा सांगून ठेवतों. ३/८ इंच पिचच्या सांखळ्या दोन जातींच्या असतात : एक मोठ्या यंत्रांची नेहमींची, आणि दुसरी लहान यंत्रांची, ठेंगण्या दांत्यांची, जिला ‘लो प्रोफाइल’ म्हणतात. आंकडा तोच असला तरी दोन्ही एकमेकींच्या जागीं चालत नाहींत, आणि दोहोंची कानसहि वेगळी असते.

माप जुळल्यावर दांत्याचा आकार पाहावा. कांहीं दांत्यांचा कोंपरा काटकोनी व अणकुचीदार असतो. त्यांना ‘फुल चिझल’ असें नांव आहे. स्वच्छ, ओल्या आणि मऊ लांकडांत ते फार वेगानें कापतात. परंतु त्यांचा सारा पराक्रम त्या एका कोंपऱ्यांत सांठविलेला असल्यामुळें थोडी माती लागली कीं ते निस्तेज होतात. दुसऱ्या दांत्यांचा कोंपरा गोलसर असतो. ते ‘सेमी चिझल’. त्यांचा वेग थोडा कमी, पण धार पुष्कळ टिकाऊ. आपल्याकडचीं झाडें आणि आपल्याकडची धूळ लक्षांत घेतां दुसरी जात घेणें शहाणपणाचें आहे असें माझें मत आहे. चिंच, बाभूळ, सुरू यांचें लांकूड टणक. सागाच्या लांकडांत सिलिका, म्हणजे वाळूच्या जातीचें द्रव्य असल्यामुळें तें हत्यारांची धार खातें. नारळाच्या खोडाचा गाभा मऊ असला तरी बाहेरचा थर अत्यंत कठीण व तंतुमय असतो. आणि शहरांतील व हमरस्त्यावरील झाडांची तर गोष्टच निराळी. त्यांच्या बुंध्यांत जाहिरातीच्या पाट्यांसाठीं ठोकलेले खिळे असतात. झाड वाढतें, साल वर येते आणि खिळा आंत गडप होतो. अशा झाडांत अणकुचीदार कोंपरा फार वेळ टिकत नाहीं.

झाडावर चढून छाटणी करणाऱ्यांचें यंत्र वेगळें, हलकें, आणि वर मूठ असलेलें असतें. त्याला पाव इंची किंवा ३/८ इंची ठेंगणी, अरुंद सांखळी योग्य. ती लांकडांत बारीक चीर पाडते, त्यामुळें एंजिनाला जोर कमी लागतो आणि माणसाच्या मनगटालाहि. जमिनीवर ओंडके तोडणाऱ्या मध्यम यंत्राला ०.३२५ इंची, आणि मोठ्या यंत्राला नेहमींची ३/८ इंची सांखळी असा साधारण विभाग समजावा. ओंडक्याच्या लांबीच्या दिशेनें चिरून फळ्या पाडावयाच्या असतील तर त्यासाठीं निराळी सांखळी मिळते. तिच्या दांत्याच्या माथ्याचा कोन ३० ऐवजीं सुमारें १० अंश ठेवलेला असतो. आडव्या कापाची सांखळी त्या कामीं लावल्यास काप खडबडीत येतो. शिवाय कित्येक सांखळ्यांत खुंटाजवळ उतरती अशी एक जादा कडी बसविलेली असते. ती यंत्राची उसळी कमी करते. नवशिक्यानें अशीच सांखळी घ्यावी.

उसळी हा शब्द मीं वापरला; त्याचा खुलासा केला पाहिजे, कारण धारेचा व जीविताचा संबंध येथेंच येतो. सोळा इंची पट्टीवर ३/८ इंच पिचच्या सांखळीच्या साठ शेंड्या असतील तर तिची लांबी ४५ इंच, म्हणजे सव्वा मीटरहून थोडी कमी भरते, आणि तिच्यावर तीस दांते असतात. पूर्ण वेगांत सांखळी सेकंदाला २० मीटर किंवा अधिक धांवते. म्हणजे एका सेकंदांत पांचशेंहून अधिक दांते एकाच जागेवरून जातात. पट्टीच्या टोंकाच्या वरच्या पाव भागावरील दांता जर लांकडाला अवचित अडला, तर हा सारा वेग उलटतो आणि पट्टी वर व मागें, चालविणाऱ्याच्या चेहऱ्याकडे व मानेकडे उसळते. अलीकडील यंत्रांना सांखळी जागच्या जागीं थांबविणारा ब्रेक असतो, परंतु तो शेवटचा आधार आहे. खरी राखण म्हणजे दोन्ही हातांची घट्ट पकड, पट्टीच्या टोंकावर सदैव नजर, आणि धार.

धार कशी राखण करते, हें पुष्कळांना उलटें वाटतें. तीक्ष्ण हत्यार घातक आणि बोथट हत्यार निरुपद्रवी, अशी आपली समजूत असते. घरांतील कोणत्याहि गृहिणीला विचारा. बोट कापतें तें बहुधा बोथट विळीवर. धार नसली कीं जोर करावा लागतो, आणि जोराला लगाम नसतो. चेन-सॉचें तसेंच आहे. धारदार सांखळी यंत्राच्या नुसत्या वजनानें लांकडांत उतरते. चालविणारा फक्त दिशा देतो. बोथट सांखळी दाबावी लागते. दाबतां दाबतां हात व पाठ थकतात, पकड सैल होते, पट्टी सरळ राहात नाहीं. आणि काप एकदम संपला म्हणजे दाबणारा माणूस आपल्याच जोरानें यंत्रासकट पुढें जातो. तो जमिनीवर असेल तर पायाला भय. दोराला लटकून फांदीवर असेल तर त्या दोरालाहि भय.

सांखळी बोथट झाली हें ओळखण्यास कोणतेंहि उपकरण लागत नाहीं. खालीं काय पडतें तें पाहावें. धारदार सांखळी ढलप्या काढते, सारख्या जाडीच्या, नखाएवढ्या. बोथट सांखळी पिठासारखा भुसा पाडते. आमच्या येथें एक तरुण वाळलेला आंबा तोडतांना घामाघूम होऊन ‘लांकूडच कठीण आहे’ असें म्हणत होता. मीं त्याच्या पायाशीं पडलेली मूठभर पूड उचलून त्याच्या तळहातावर ठेवली आणि शेजारीं सकाळची एक ढलपी ठेवली. त्याला पुढें कांहीं सांगावें लागलें नाहीं. दुसरीं लक्षणें अशीं : तेल पुरेसें असूनहि धूर येतो व लांकडाला काळा डाग पडतो; यंत्र लांकडावर थरथरतें; आणि काप एका बाजूस वळत जातो. दांत्याची कड उजेडांत धरून पाहिली तर बोथट धारेवर एक बारीक पांढरी चकाकी दिसते. खऱ्या धारेवरून उजेड परत येत नाहीं, हें सूत्र लक्षांत ठेवावें.

आतां प्रत्यक्ष धार लावण्याची रीत सांगतों. प्रथम यंत्र बंद करावें, ब्रेक लावावा, हातांत मोजे घालावे आणि पट्टी पक्की बसवावी. जंगलांत असाल तर तोडलेल्या बुंध्याला चीर पाडून तींत बसणारा लहान शेगडा मिळतो. सांखळीवरचें तेल व भुसा पुसून घ्यावा. कानस गोल लागते आणि तिची जाडी पिचवर अवलंबून असते : पाव इंची व ठेंगण्या ३/८ इंची सांखळीला ४ मिलिमीटर, ०.३२५ इंचीला ४.८, मोठ्या ३/८ इंचीला कंपनीप्रमाणें ५.२ किंवा ५.५, आणि ०.४०४ इंचीला ५.५ मिलिमीटर. लहान कानस दांत्याच्या पोटांत फार खोल जाऊन धार पातळ व नाजूक करते. मोठी कानस धारेला आंतून आधार देण्याऐवजीं ती बोंथी करते. कानशीच्या जाडीचा सुमारें पांचवा भाग दांत्याच्या माथ्यावर दिसत राहावा. बाकीची दांत्याच्या पोकळींत असावी. हें साधण्यासाठीं कानशीला लावण्याचा एक पत्र्याचा सांचा मिळतो. त्यावर ३० अंशांची रेषाहि काढलेली असते. ती पट्टीला समांतर ठेवली म्हणजे कोन आपोआप साधतो. नवशिक्यानें तो अवश्य घ्यावा.

कानस नेहमीं दांत्याच्या आंतल्या बाजूकडून बाहेर ढकलावी, आणि परत आणतांना उचलून आणावी. मागें ओढतांनाहि घासल्यास कापणें होत नाहीं व कानशीचेच दांते झिजतात. याचें दुसरें एक कारण आहे. दांत्याच्या बाहेरच्या पृष्ठावर क्रोमियमचा अगदीं पातळ व अत्यंत कठीण मुलामा असतो. खरी धार त्या मुलाम्याचीच; आंतलें पोलाद तिला केवळ आधार देतें. आंतून बाहेर घासलें म्हणजे पोलाद झिजून मुलाम्याची कड उघडी पडते. सांखळी दगडाला किंवा खिळ्याला लागली असेल तर मुलामा जेथवर उडाला तेथवर दांता मागें घासल्याशिवाय धार येत नाहीं. वर वर दोन हात मारून समाधान मानणें व्यर्थ आहे.

आरंभ सर्वांत आखूड झालेल्या दांत्यापासून करावा आणि बाकीचे त्याच्या लांबीस आणावे. एका बाजूचे सर्व दांते आधीं, मग यंत्र फिरवून दुसऱ्या बाजूचे. प्रत्येक दांत्याला सारखेच हात द्यावे. नेहमींच्या कामांत दोन किंवा तीन पुरतात. उजव्या हातानें काम करणाऱ्याची एक बाजू स्वभावतःच चांगली साधते व दुसरी कच्ची राहते. मग एका बाजूचे दांते लांब व तीक्ष्ण, दुसऱ्या बाजूचे आखूड व मंद, असें होऊन काप तीक्ष्ण बाजूकडे वळूं लागतो. दोन बैलांपैकीं एक जोराचा असला म्हणजे गाडी जशी रस्ता सोडते तसेंच हें. म्हणून जी बाजू अवघड जाते तिच्याकडे अधिक लक्ष द्यावें. पेट्रोलची टाकी भरण्यास थांबलें कीं दोन दोन हात कानस फिरवावी, हा नियम पाळणाऱ्यास मोठी धार क्वचितच लावावी लागते. विजेच्या दगडी चाकावर धार जलद लागते हें खरें. परंतु चाक जरा जास्त टेंकलें कीं पोलाद निळें पडतें, त्याचें पाणी उतरतें आणि ती धार टिकत नाहीं.

येथपर्यंतचें काम पुष्कळांना येतें. राहतो तो खुंट. दांत्याचा माथा पुढें उंच आणि मागें उतरता असतो. त्यामुळें दांता जसजसा मागें घासला जातो तसतशी त्याची उंची कमी होते. खुंट मात्र होता तेवढाच राहतो. दोहोंतील अंतर घटतें आणि रंध्याचें पातें जणूं आंत ओढलें जातें. मग धार आरशासारखी असूनहि सांखळी लांकडावरून घसरते, आणि बिचारा चालविणारा पुन्हां दाबूं लागतो. म्हणून तीन ते पांच वेळां धार लावल्यावर खुंटाचें माप पाहिलें पाहिजे. मापाची पट्टी दांत्यांवर ठेवावी, तिच्या फटींतून खुंट वर डोकावेल तेवढाच चपट्या कानशीनें काढावा, आणि त्याची पुढची कड पूर्वीप्रमाणें गोलसर करावी.

या ठिकाणीं उतावीळपणा फार महाग पडतो. खुंट जरा जास्त घासला कीं सांखळी कशी भराभर कापते हें कांहींजणांनीं पाहिलेलें असतें आणि ते मुद्दाम खुंट उडवितात. पण मग दांता झेपेल त्याहून जाड ढलपी धरतो, यंत्र हिसके देतें, सांखळी अडते, आणि मघाशीं सांगितलेली उसळी येण्याचा संभव कितीतरी वाढतो. घासलेलें पोलाद परत लावतां येत नाहीं. खुंट अंदाजानें कधींहि घासूं नये. मापाची पट्टी ही फार स्वस्त वस्तु आहे.

सांखळीच्या संसारांत आणखीहि कांहीं मंडळी आहेत. ताण असा असावा कीं, थंड सांखळी पट्टीच्या खालच्या कडेला चिकटून बसावी आणि तरीहि हातानें ओढतां यावी. कामांत ती तापून लांबते व मग ताण वाढवावा लागतो. परंतु काम संपल्यावर तो पुन्हां सैल करण्यास विसरूं नये, कारण थंड होतांना आंखडणारी सांखळी एंजिनाच्या दांड्यावर व बेअरिंगांवर जोर आणते. सांखळीचें तेल कधीं आटूं देऊं नये. पट्टी वेळोवेळीं उलटी बसवावी, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. खोबणींतील घाण काढावी. झिजलेल्या चाकावर नवी सांखळी चढविणें म्हणजे नव्या सांखळीचें आयुष्य आपल्या हातानें तोडणें होय. दोन-तीन सांखळ्या संपल्या कीं चाक बदलावें. दांता चार मिलिमीटरहून आखूड झाला किंवा त्यावरील खुणेच्या रेषेपर्यंत आला म्हणजे सांखळी टाकून द्यावी. आखूड दांता मोडून गोळीसारखा उडूं शकतो. आणि कापण्यापूर्वीं बुंध्याची मातीनें माखलेली साल कोयत्यानें काढावी, खिळ्यांच्या खुणा पाहाव्या, आणि पट्टीचें टोंक जमिनीला लागूं देऊं नये. एका क्षणाची माती तासाभराची कानस वाया घालविते.

शेवटीं, हें सारें ज्यांनीं मनावर घ्यावयास हवें ते केवळ यंत्र चालविणारे नव्हेत. आपल्याकडे झाडकामाची मजुरी बहुधा झाडामागें ठरते. ज्याला झाडामागें पैसे मिळतात, त्याला कानस लावण्यांत गेलेली वीस मिनिटें बुडालेलीं वाटतात; आणि बागायतदार किंवा ठेकेदार शेजारीं उभा राहून ‘बसलास काय?’ असें विचारूं लागला म्हणजे तो बोथट सांखळी घेऊन पुन्हां फांदीवर चढतो. हा प्रश्न आपण विचारूं नये, एवढेंच माझें सांगणें आहे. त्याऐवजीं झाडाखालीं पडणाऱ्या भुशाकडे पाहावें. ढलप्या पडत असतील तर निश्चिंत असावें. पीठ पडूं लागलें तर आपण होऊन त्याला खालीं बोलवावें, सावलींत बसवावें, पाणी द्यावें, आणि त्याची कानस होईपर्यंत थांबावें. तेवढ्या वेळाचें मोल मजुरींत धरावें. झाड कोठें पळून जात नाहीं. तें संध्याकाळपर्यंत तोडून होईल. तोडणाराहि संध्याकाळीं धडधाकट घरीं गेला पाहिजे.